चढणीचे गणित मांडणारा प्रवासी : पॉल द व्हिव्ही

गोव्याहून किंवा सावंतवाडीहून बेळगावकडे येणाऱ्या रस्त्यांवर ज्याने सायकल चालविली आहे, त्यास घाट म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. सपाटीवर वाऱ्याशी पैज लावणारी सायकल चोर्ल्याच्या किंवा आंबोलीच्या पहिल्याच वळणावर जड होते, पायडलावर उभे राहूनही चाक पुढे सरकेनासे होते, आणि अखेरीस स्वार खाली उतरून ती हाताने ढकलू लागतो. मागून कोणी येत असेल तर तो चेन तपासण्याचे निमित्त करतो. हा प्रसंग आम्हांवरही आलेला आहे. वाचकांपैकी पुष्कळांवर आला असेल.

हल्ली बहुतेक विद्यार्थ्यांच्या माहितीतील कोणाजवळ तरी गिअरची सायकल असते. बोटाने एक कळ दाबावी, मागच्या चाकावरची चेन लहान चक्रावरून मोठ्या चक्रावर चढावी आणि पायांवरचा भार हलका व्हावा, यात आता कोणास नवल वाटत नाही. परंतु ही सोय सायकलीवर यावी म्हणून एका मनुष्याने आपल्या आयुष्याची चाळीस वर्षे वेचली, आणि त्या काळातील नामांकित सायकलपटूंचा उपहास शांतपणे सोसला. त्या मनुष्याचे नाव पॉल द व्हिव्ही. फ्रान्समधील सायकलस्वार त्यांना 'व्हेलोसिओ' या टोपणनावानेच ओळखतात. त्यांचे चरित्र विद्यार्थ्यांपुढे ठेवावे, असे आम्हांस अनेक दिवस वाटत होते.

पॉल द व्हिव्ही यांचा जन्म १८५३ साली दक्षिण फ्रान्समधील पेर्न या गावी झाला. हा प्रदेश प्रॉव्हान्स या नावाने प्रसिद्ध असून, १९०० मीटरांहून अधिक उंच असलेला व्हांतू पर्वत तेथून फार दूर नाही. तरुणपणी त्यांनी ग्रीक व लॅटिन वाङ्मयाचा चांगला अभ्यास केला, आणि ही गोडी त्यांना अखेरपर्यंत पुरली. उपजीविकेसाठी मात्र त्यांनी रेशमाचा व्यापार पत्करला व सेंट एतिएन या शहरी ते स्थायिक झाले. कोळशाच्या खाणी, शस्त्रांचे कारखाने आणि रेशमी फितींचे माग यांकरिता हे शहर प्रसिद्ध होते. शहराच्या तिन्ही-चारी बाजूंस डोंगर. तेथून कोठेही जावयाचे म्हटले की चढण ही ठरलेलीच.

१८८१ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांनी पहिली सायकल विकत घेतली. त्या काळच्या सायकलीचे रूप आजच्या विद्यार्थ्यांस चमत्कारिक वाटेल. पुढचे चाक सव्वा ते दीड मीटर व्यासाचे, मागचे चाक अगदी लहान, आणि स्वार पुढच्या चाकाच्या माथ्यावर बसलेला. पायडले थेट पुढच्या चाकालाच जोडलेली असत. त्यामुळे पायांच्या एका फेऱ्यात चाकाचा एकच फेरा होई आणि सायकल चार-साडेचार मीटर पुढे जाई. वेग हवा असेल तर चाक मोठे करावे, याखेरीज दुसरा उपाय नव्हता. आणि चाक स्वाराच्या टांगेपेक्षा मोठे करता येत नव्हते. अशा अवघड वाहनाने या रेशमाच्या व्यापाऱ्यास वेड लावले.

हे वेड हौसेपुरते राहिले नाही. १८८७ साली त्यांनी चालता रेशमाचा धंदा सोडून दिला, सेंट एतिएन येथे सायकलींचे दुकान उघडले, आणि त्याच वर्षी 'ल सिक्लिस्त फोरेझिएन' या नावाचे मासिक सुरू केले. पुढे हे मासिक 'ल सिक्लिस्त', म्हणजे 'सायकलस्वार', या सुटसुटीत नावाने फ्रान्सभर गेले. त्यातील लेखांखाली ते 'व्हेलोसिओ' अशी सही करीत. सायकल बनविण्याची विद्या तेव्हा इंग्लंडातील कॉव्हेंट्री शहरात एकवटली होती. व्हिव्ही तेथे जाऊन कारखाने पाहून आले, आणि लवकरच 'ला गोल्वाझ' या नावाने आपल्या दुकानाची सायकल विकू लागले. येथे बेळगावच्या वाचकांना एक योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. याच सुमारास, १८८८ साली, किर्लोस्कर बंधूंनी आपल्या उद्योगाचा आरंभ बेळगावात सायकलींच्या दुकानानेच केला. एका दुकानातून पुढे लोखंडी नांगर निघाले, तर दुसऱ्यातून चढणीवर चालणारी सायकल.

दरम्यान सायकलीचे रूप पालटले होते. दोन सारख्या चाकांची, चेनीने मागचे चाक फिरविणारी सायकल आली. चेनीमुळे काय साधले, हे विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे. कारण व्हिव्हींच्या पुढील सर्व खटाटोपाचे मर्म त्यातच आहे. पायडलापाशी ४८ दात्यांचे चक्र आणि मागच्या चाकापाशी १६ दात्यांचे चक्र असेल, तर पायांच्या एका फेऱ्यात मागचे चाक तीन फेरे घेते. चाकाचा परीघ सुमारे २.१ मीटर धरला, तर एका फेऱ्यात सायकल ६.३ मीटर पुढे जाते. तेच दोन्हीकडे २४ दात्यांची चक्रे बसविली, तर ती केवळ २.१ मीटर जाते. एक किलोमीटर अंतर तोडण्यास पहिल्या सायकलीवर सुमारे १५९ फेरे मारावे लागतील, तर दुसरीवर ४७६. परंतु त्याच चढणीवर दुसऱ्या सायकलीच्या पायडलावर पहिलीच्या एकतृतीयांशच जोर लावावा लागेल. डोंगर चढण्याचे एकूण काम तेवढेच राहते. गिअर एवढेच ठरवितो की ते काम थोड्या मोठ्या घासांत संपवावयाचे की पुष्कळ लहान घासांत.

आता अडचण अशी होती की, त्या काळी सायकलीला एकच गिअर असे. तो सपाटीला अनुरूप ठेवला तर घाट चढत नसे. घाटाला अनुरूप ठेवला तर सपाटीवर पाय भिंगरीसारखे फिरत आणि सायकल रांगत राही. सेंट एतिएनहून ऱ्होन नदीच्या खोऱ्याकडे उतरणारा रस्ता 'रेपुब्लिक' नावाच्या खिंडीतून जातो. खिंडीची उंची ११६१ मीटर असून शहरापासून सुमारे तेरा किलोमीटरांत साधारण ६०० मीटर चढावे लागते. सावंतवाडीहून आंबोलीपर्यंतचा चढ उंचीने जवळजवळ तेवढाच आहे. व्हिव्हींची प्रयोगशाळा म्हणजे हा रस्ता. एक आख्यायिका अशी सांगतात की, १८८९ च्या सुमारास ते या खिंडीचा चढ घामाघूम होऊन चढत असता, त्यांच्याच मासिकाचा एक वाचक तोंडात चिलीम धरून आरामात त्यांच्या पुढे निघून गेला. त्याच्या सायकलीचा गिअर हलका होता, एवढाच त्यातील चमत्कार. एखाद्या अभिमानी संपादकाने हा प्रसंग विसरण्याचा यत्न केला असता. व्हिव्हींनी त्यावर विचार केला, आणि एकाच सायकलीवर दोन्ही प्रकारचे गिअर का असू नयेत, हा प्रश्न स्वतःस विचारला.

पहिले उत्तर अगदी साधे होते. त्यांनी पायडलापाशी एकाशेजारी एक अशी दोन लहानमोठी दातेरी चक्रे बसविली. घाटाच्या पायथ्याशी उतरावे, चेन हाताने उचलून लहान चक्रावर ठेवावी, आणि माथ्यावर पोहोचल्यावर पुन्हा मोठ्या चक्रावर घ्यावी. हात काळे होत, पण घाट चढत असे. पुढे त्यांनी सायकलीच्या डाव्या बाजूसही अशीच चक्रे बसवून चार गिअर साधले. इंग्लंडातील 'व्हिपेट' नावाच्या सायकलीवर दातेरी चक्राचे दोन भाग एकमेकांपासून दूर सरकवून गिअर बदलण्याची युक्ती होती. तिचाही त्यांनी बारकाईने अभ्यास केला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते व त्यांचे सहकारी अशा यंत्रणेपर्यंत येऊन पोहोचले की, स्वाराने खाली न उतरता चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलावी. आज आपण जिला डिरेलर म्हणतो, तीच ही यंत्रणा. ही कल्पना एकट्या व्हिव्हींची होती असे म्हणणे सत्यास सोडून होईल. इंग्लंडात आणि फ्रान्समध्ये अनेक कारागीर तिच्या मागे लागलेले होते. परंतु प्रत्येक नव्या युक्तीवर स्वतः शेकडो किलोमीटर सायकल चालवून, तिचे गुणदोष मासिकात सर्वांसाठी छापण्याचे काम त्यांच्याइतके कोणी केले नाही.

येथवरची हकीकत वाचून वाटेल की, लोकांनी ही सोय आनंदाने स्वीकारली असेल. घडले ते उलटेच. शर्यतीच्या सायकलपटूंना गिअर म्हणजे कमजोरांची काठी वाटे. आंरी देग्रांज हे त्या काळातील मोठे प्रस्थ. १९०३ साली फ्रान्सची सुप्रसिद्ध सायकल शर्यत 'तूर द फ्रान्स' त्यांनीच सुरू केली. गिअर बदलण्याची सोय वयस्कांसाठी ठीक, खऱ्या वीराने स्नायूंच्या बळावरच जिंकावे, असे त्यांचे मत होते व ते त्यांनी जाहीरपणे मांडले. गंमत अशी की, त्या पहिल्याच शर्यतीचा मार्ग व्हिव्हींच्या रेपुब्लिक खिंडीतून गेला, आणि स्पर्धकांनी ती एकाच गिअरच्या सायकलींवर ओलांडली. पुढे अनेक वर्षे शर्यतपटू मागच्या चाकाच्या दोन बाजूंस दोन चक्रे ठेवीत. घाट आला की उतरून, चाक सोडवून, ते उलटे बसवून पुन्हा निघत. ही कसरत मर्दानी ठरे, आणि बसल्या जागी चेन सरकविणे लाजिरवाणे ठरे!

यंत्रविद्येचे जाणकारही आक्षेप घेत. जास्त चक्रांमुळे घर्षण वाढेल, चेन निसटेल, वजन फुकट जाईल, असे ते म्हणत. व्हिव्हींनी या आक्षेपांस लेखणीने उत्तर दिलेच, पण मुख्यतः रस्त्याने दिले. १९०२ साली फ्रान्सच्या टूरिंग क्लबाने प्रवासी सायकलींची डोंगराळ मुलखात कसोटी घेतली. पिरेनीज पर्वतातील २११५ मीटर उंचीची तूर्माले खिंड त्या मार्गावर होती. मार्थ हेस नावाच्या एका महिलेने तीन गिअरच्या गोल्वाझ सायकलीवर ती कसोटी दिली. भल्याभल्या पुरुषांना पायउतार करणारा पर्वत एका स्त्रीने हलक्या गिअरवर चढून दाखवावा, हे पाहून निःपक्षपाती मनुष्याच्या मनात संशय उरावयास नको होता. परंतु अभिमानास पुरावा दिसत नाही. शर्यतीचे नियम तसेच राहिले.

व्हिव्हींनी कोणाचा द्वेष केला नाही आणि आपला मार्गही सोडला नाही. ते शर्यतपटू नव्हते. त्यांस प्रवासी म्हणणेच योग्य होईल. वर्षानुवर्षे ते आपल्या मित्रमंडळींसह रात्री निघून पहाटे दूरच्या खोऱ्यात उतरत; ईस्टरच्या दिवसांत थंड सेंट एतिएन सोडून प्रॉव्हान्सच्या उन्हात जात. ते शाकाहारी होते. जगातील सर्वांस समजेल अशी एक भाषा असावी म्हणून रचलेल्या एस्पेरांतो भाषेचे ते पुरस्कर्ते होते. वयाची साठी उलटल्यावरही दीर्घ पल्ल्यांचा त्यांचा नेम चालूच होता. आपल्या अनुभवावरून त्यांनी सायकलस्वारांसाठी काही नियम सांगितले. मुक्काम थोडे आणि थोडा वेळ करावेत. भुकेने व्याकूळ होण्यापूर्वी खावे आणि घसा कोरडा पडण्यापूर्वी प्यावे. थंडी अंगात शिरण्यापूर्वी कपडा चढवावा. वाटेत मद्य, मांस व तंबाखू वर्ज्य करावी. आरंभीच्या तासांत बळाची उधळपट्टी करू नये. आणि केवळ दुसऱ्यास दाखविण्यासाठी कधीही पायडल मारू नये, असा त्यांचा सारांश आहे. या शेवटच्या नियमात त्यांचे सारे चरित्र आले आहे, असे आम्हांस वाटते.

त्यांचा हिशेब आजही जसाच्या तसा उपयोगी पडतो. शर्यतीची जुनी सायकल कोणी स्वस्तात विकत घेतो आणि घाटावर जाताच पस्तावतो. अशा सायकलीवर बहुधा पुढे ५३ व ३९ दात्यांची दोन चक्रे आणि मागे १२ पासून २५ दात्यांपर्यंतचा संच असतो. तिचा सर्वांत हलका गिअर म्हणजे ३९ भागिले २५, अर्थात १.५६, एका फेऱ्यात सुमारे ३.३ मीटर. पुढे ३४ आणि मागे ३२ दाते असतील, तर हाच आकडा सुमारे २.२ मीटरांवर येतो, म्हणजे पायांवरचा भार जवळजवळ एकतृतीयांशाने उतरतो. परंतु घाईने सुटे भाग विकत घेऊ नयेत. मागचा संच बदलणे सर्वांत सोपे व कमी खर्चाचे. तथापि शर्यतीच्या जुन्या सायकलीवरील आखूड पिंजऱ्याचा डिरेलर बहुधा २७-२८ दात्यांपलीकडचे चक्र सहन करीत नाही. तेथे लांब पिंजऱ्याचा डिरेलर लागतो. तो किती चेन सावरू शकेल, हे ठरविण्याची रीत अशी : पुढच्या दोन चक्रांच्या दात्यांतील फरक आणि मागच्या सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान चक्रांतील फरक यांची बेरीज करावी. पुढे ५० व ३४ आणि मागे ११ ते ३२ असल्यास ही बेरीज १६ अधिक २१, म्हणजे ३७ दाते होते. पुढचे लहान चक्र बदलण्यापूर्वी बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास मोजावा. १३० मिलिमीटरांच्या वर्तुळावर ३८ हून कमी दात्यांचे चक्र बसत नाही, ११० मिलिमीटरांच्या वर्तुळावर ३४ दात्यांचे बसते.

चेनीविषयीही सावध असावे. नव्या चेनीच्या २४ कड्यांची लांबी बरोबर १२ इंच भरते. ती एकअष्टमांश इंचाने वाढलेली दिसली, तर चेनीबरोबर मागची चक्रेही झिजली असे समजावे. नवी चेन झिजलेल्या चक्रांवर चढविली, तर ती ऐन चढणीवर निसटून स्वारास पाडते. मोठी चक्रे बसविल्यावर चेनही लांब लागते. पुढच्या व मागच्या मोठ्या चक्रांवर ती एकाच वेळी ताणून तुटावयास येत नाही ना, हे घरच्या घरी, चाक उचलून धरून आधी तपासावे. व्हिव्ही याच पद्धतीने काम करीत : आधी मोजणी, मग जोडणी, आणि शेवटी रस्ता.

१९२२ पासून सेंट एतिएनच्या सायकलस्वारांनी दरवर्षी एक दिवस ठरवून रेपुब्लिक खिंड चढण्याचा परिपाठ सुरू केला आणि त्या दिवसास व्हेलोसिओंचे नाव दिले. ज्या रस्त्यावर त्यांनी घाम गाळला, त्याच रस्त्यावर लहानथोरांची रांग चढताना पाहण्याचे भाग्य त्यांस हयातीतच लाभले. शर्यतीच्या जगाची मान्यता मात्र त्यांस पाहावयास मिळाली नाही. १९३० साली, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, सेंट एतिएनच्या रस्त्यात ते सायकल हाताने ढकलीत चालले असता, एका मोटारीस वाट देण्यासाठी बाजूस सरले आणि ट्रामखाली सापडले. डोंगरांतील असंख्य वळणे ज्याने निर्धोक पार केली, त्याचा अंत आपल्याच शहराच्या सपाट रस्त्यावर झाला. पुढे सात वर्षांनी, १९३७ साली, तूर द फ्रान्सने सर्व स्पर्धकांना डिरेलर वापरण्याची मुभा दिली. त्यानंतर त्यावाचून ती शर्यत जिंकण्याचे स्वप्न कोणी पाहिले नाही. रेपुब्लिक खिंडीच्या माथ्यावर व्हेलोसिओंचे स्मारक आज उभे आहे.

विद्यार्थिमित्रांनो, सायकलीपुरताच विचार केला तरी या चरित्रातून पुष्कळ शिकण्यासारखे आहे. परंतु घाट केवळ रस्त्यावरच असतात असे नाही. गणिताचा अवघड भाग, परकी भाषा, घरची ओढगस्त, यांपैकी एखादा चढ तुम्हांपैकी प्रत्येकाच्या वाट्यास येतो. अशा वेळी वर्गातील हुशार विद्यार्थ्याच्या वेगाने चालण्याचा हट्ट धरून दमून बसणारे आम्ही बरेच पाहिले आहेत. व्हिव्हींनी आपले बळ मोजले, चढ मोजला, आणि पावलाचे माप त्या दोहोंस जुळवून घेतले. लोक हसले, तेव्हा त्यांनी माप बदलले नाही.

यापुढे आंबोलीच्या वळणावर तुमची सायकल जड झाली, तर मागे कोण येत आहे हे पाहू नका. चेन सर्वांत मोठ्या चक्रावर घ्या, पाय शांतपणे फिरवीत राहा. आणि गिअर संपले तर खुशाल उतरा. त्यातही लाज वाटण्यासारखे काही नाही. माथ्यावर पोहोचणारास तेथील वारा सारखाच लागतो.